टाचदुखीचे एक वर्ष: सुकतळे, व्यायाम आणि घरातली चप्पल

नाशिकमधील अंबडच्या औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग तयार करणाऱ्या एका कारखान्यात मी अंतिम तपासणीचे काम करतो. काम उभ्याने करायचे, जमीन सिमेंट काँक्रीटची आणि पायांत पुढे पोलादी टोपी असलेले सेफ्टी शूज. जून २०२४ मध्ये सुरू झालेली उजव्या टाचेची दुखणी आटोक्यात यायला मला जवळजवळ वर्ष लागले. त्या काळात दवाखाना, फिजिओथेरपी, चपलांची दुकाने, कामगार विमा आणि शेजारीपाजारी यांच्याकडून मिळालेले सल्ले इतके परस्परविरोधी होते की आधी काय करावे आणि नंतर काय, हेच समजत नव्हते. शिक्षक, परिचारिका, दुकानांतले विक्रेते, पोळीभाजी केंद्रांत दिवसभर ओट्याशी उभ्या राहणाऱ्या महिला अशी कितीतरी माणसे या दुखण्यातून जात असतात. त्यांच्यासाठी सारे क्रमाने आणि खर्चासह लिहून ठेवतो आहे.

सुरुवात अगदी ठरावीक प्रकारे झाली. सकाळी अंथरुणातून उठून पहिले पाऊल टेकवले की टाचेच्या आतल्या बाजूला खिळा रुतल्यासारखी कळ येई; दहा-पंधरा पावले चालल्यावर ती कमी होई, आणि जेवणाच्या सुट्टीत बसून उठलो की पुन्हा तीच कळ. शिफ्ट संपेपर्यंत मात्र तिचे रूपांतर खोल, जड ठणक्यात झालेले असे. चालल्यावर बरे वाटते म्हणून हे दुखणे किरकोळ असावे असे वाटत राहते, आणि म्हणूनच बहुतेक जण महिनोन्महिने ते अंगावर काढतात.

आईने तिच्या माहेरचा उपाय केला. वीट तापवायची, तिच्यावर रुईचे पान ठेवायचे आणि त्यावर टाच हळूहळू टेकवत शेक घ्यायचा. या शेकाने रात्री झोप चांगली लागे, आणि आई शेजारी बसून पाय दाबून देई त्याचाही आधार वाटे. सकाळची कळ मात्र तशीच राहिली. शेक घेणाऱ्यांना एवढेच सांगेन की मधुमेहामुळे पायांची संवेदना कमी झाली असेल तर विटेचा किंवा गरम पाण्याचा शेक अजिबात घेऊ नये, कारण भाजलेले कळत नाही.

ऑगस्टमध्ये मी कामगार विमा योजनेतून, म्हणजे ईएसआयसीमधून, तपासणी करून घ्यायचे ठरवले. मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असलेल्या कामगारांना ही योजना लागू असते आणि वेतनाच्या ०.७५ टक्के रक्कम आपल्या पगारातून दरमहा कापली जाते. तरीही आमच्या विभागातील अनेकांनी आपले ई-पहचान कार्ड, म्हणजे विम्याचे ओळखपत्र, कधी छापूनही घेतलेले नाही. पद्धत अशी असते की प्रथम नेमून दिलेल्या सेवा दवाखान्यात जायचे, तेथील डॉक्टरांनी शिफारसपत्र दिले की सातपूरच्या कामगार विमा रुग्णालयात अस्थिरोग विभागाकडे जायचे. जाताना ई-पहचान कार्ड, आधार कार्ड आणि दोन्हींच्या छायाप्रती जवळ ठेवाव्यात, आणि केसपेपर काढणे, तपासणी व एक्स-रे यांसाठी पूर्ण दिवसाची रजा टाकावी. अर्ध्या दिवसात सारे आटोपेल असे धरून गेले की जीव टांगणीला लागतो.

डॉक्टरांनी टाचेच्या आतल्या कडेवर अंगठ्याने दाबले आणि मी ओरडलोच. एक्स-रेमध्ये टाचेच्या हाडाला पुढच्या बाजूने चोचीसारखे टोक आलेले दिसत होते. ‘हाड वाढलंय’ हे शब्द मी शेजारपाजारच्या अनेकांकडून ऐकले होते आणि ते टोक पाहिल्यावर आता शस्त्रक्रियाच करावी लागणार, या विचाराने माझे हातपाय गार पडले. डॉक्टरांनी शांतपणे समजावले की असे टोक टाच मुळीच न दुखणाऱ्या पुष्कळ लोकांच्या एक्स-रेतही सापडते, त्यामुळे दुखण्याचा दोष त्याला देता येत नाही. दुखते ते टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत जाणाऱ्या, तळव्याची कमान पेलणाऱ्या जाड पट्ट्याचे मूळ. या पट्ट्याला प्लांटार फॅशिया म्हणतात. झोपेत पाऊल खाली झुकलेले असते, पट्टा आखडतो, आणि सकाळी पहिल्या पावलाला त्यावर एकदम ताण पडतो. तासन्‌तास कठीण जमिनीवर उभे राहणे, वाढलेले वजन, आखडलेल्या पोटऱ्या आणि अती सपाट किंवा अती उंच कमान ही त्यामागची नेहमीची कारणे असतात.

त्यांनी रक्तातील साखर आणि युरिक ॲसिड तपासायला सांगितले. दोन्ही ठीक निघाले. काही प्रश्न त्यांनी मुद्दाम विचारले, ते येथे देतो, कारण त्यांपैकी एखाद्याचे उत्तर ‘होय’ असेल तर घरगुती उपायांत वेळ घालवू नये. दोन्ही टाचा दुखतात आणि सकाळी कंबरही बराच वेळ ताठ राहते का? तळपायाला मुंग्या किंवा रात्रीची जळजळ आहे का? टाच दोन्ही बाजूंनी चिमटीत दाबली तर दुखते का? सूज, लाली, ताप आहे का? एकाएकी ‘कट्’ असा आवाज होऊन दुखणे सुरू झाले का? यांतील प्रत्येक खूण निराळ्या आजाराकडे, म्हणजे संधिवाताकडे, दबलेल्या नसेकडे, हाडाच्या बारीक तड्याकडे, जंतुसंसर्गाकडे किंवा पट्टा फाटण्याकडे बोट दाखवते. माझी सारी उत्तरे ‘नाही’ अशी होती. थोड्या दिवसांच्या वेदनाशामक गोळ्या आणि फिजिओथेरपीची चिठ्ठी घेऊन मी परतलो. बहुतेक रुग्ण शस्त्रक्रियेशिवाय बरे होतात, पण त्याला महिने लागतात, कधी वर्षही लागते, हे डॉक्टरांचे वाक्य त्या दिवशी फार निराश करणारे वाटले. पुढे तेच मला सर्वाधिक उपयोगी पडले, कारण दर आठवड्याला उपाय बदलण्याचा मोह त्यानेच आवरला.

सुकतळ्यांचा विषय येथून सुरू झाला. सीबीएसजवळच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळच्या, एका औषध दुकानातून मी आधी सिलिकॉनची टाचेखाली ठेवायची गादी आणली, ३२० रुपयांना. उभे राहताना टाचेला मऊपणा मिळाला, परंतु सेफ्टी शूजमध्ये टाच वर उचलली गेल्याने बुटाची मागची कड घोट्याखाली घासू लागली. त्यानंतर एका दुकानात संगणकावर पायाचा ठसा घेऊन मापाचे सुकतळे बनवून देतो असे सांगण्यात आले. किंमत ५,५०० रुपये आणि वर ‘आयुष्यभराची टाचदुखी जाईल’ असे आश्वासन. ठशाचे रंगीत चित्र पाहून मन तयार झाले होते. पत्नीने आगाऊ रक्कम देण्यापूर्वी फिजिओथेरपी मॅडमना विचारण्याचा आग्रह धरला आणि त्यामुळे पैसे वाचले.

मॅडमनी ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीची माहिती दिली. तीत टाचदुखीच्या १३५ रुग्णांचे तीन गट केले होते: एकाला केवळ पातळ, मऊ फोमचे नावापुरते सुकतळे, दुसऱ्याला तयार मिळणारे घट्ट सुकतळे आणि तिसऱ्याला पायाच्या मापाने बनवलेले. तीन महिन्यांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या गटाला वावरण्यात थोडा फायदा दिसला, पण त्या दोघांत फरक नव्हता. वर्षभरानंतर तर तिन्ही गट सारखेच होते. मॅडमचे म्हणणे असे की सुकतळा पट्ट्यावरचा ताण कमी करून त्याला बरे होण्यास अवसर देतो, पट्टा बळकट करण्याचे काम तो करत नाही. म्हणून तयार सुकतळ्याने भागत असेल तर उरलेले पैसे आणि उत्साह व्यायामासाठी राखून ठेवावा. पायाची ठेवण खूप वेगळी असेल, जुनी दुखापत किंवा मधुमेहाची जखम असेल, तर मापाचे सुकतळे आवश्यक ठरतात, हेही त्यांनी स्पष्ट केले.

सप्टेंबर २०२४ मध्ये मी ९०० रुपयांचे तयार सुकतळे घेतले. निवडताना या गोष्टी पाहाव्यात: टाचेकडील भाग खोल वाटीसारखा असावा, कमानीखालचा भाग अंगठ्याने दाबल्यावर सहज खाली बसू नये, आणि चवड्यापुढचा भाग मात्र लवचिक असावा. हातात घेतल्यावर मऊ मऊ लागणारे जेलचे सुकतळे दुकानात सर्वांत आकर्षक वाटतात. दिवसभर उभे राहणाऱ्याच्या वजनाखाली ते चपटे होतात, असा माझा अनुभव आहे. नवा सुकतळा घालण्यापूर्वी बुटातला मूळ सुकतळा काढावा, नाहीतर पाऊल वर येते आणि पोलादी टोपीखाली बोटे चेंगरतात. बोटांकडचा भाग मूळ सुकतळ्याच्या मापाने कापून घ्यावा लागतो. ते काम पवननगरच्या मोचीदादांनी रापीने कडा तासून वीस रुपयांत इतके सफाईने केले की मला कात्री लावावीही लागली नाही. पहिल्या दिवशी तास-दोन तासच घालावेत आणि रोज थोडा वेळ वाढवावा, कारण सुरुवातीला कमानीला दाब जाणवतो. एका बाजूला दुखत असले तरी सुकतळे दोन्ही बुटांत घालावेत.

कामाच्या जागेचा प्रश्न त्याहून कठीण होता. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात ठणका इतका वाढला की डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. विमाधारकाला आजारपणाच्या रजेत वेतनाच्या ७० टक्के दराने, वर्षात जास्तीत जास्त ९१ दिवस, आजारपणाचा लाभ मिळतो; पहिले दोन दिवस सहसा धरले जात नाहीत, आणि संबंधित सहा महिन्यांच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते. जुलै ते डिसेंबरमधील आजारपणासाठी आधीच्या ऑक्टोबर ते मार्चमधील वर्गणी पाहतात. डॉक्टरांचे पहिले प्रमाणपत्र, कामावर रुजू होण्यापूर्वीचे अंतिम प्रमाणपत्र आणि बँक पासबुकाची प्रत हे तिन्ही कागद जपावेत. अंतिम प्रमाणपत्राशिवाय कारखान्याच्या फाटकावर अडवले जाण्याची शक्यता असते. माझी रक्कम नोव्हेंबरच्या अखेरीस खात्यात जमा झाली, तोपर्यंत दिवाळीचा खर्च बचतीतून भागवला.

रुजू होताना मी डॉक्टरांकडून ‘शक्य तेव्हा बसून काम द्यावे’ असे लेखी घेतले होते. उभ्याने काम करणाऱ्या कामगारांना कामात विसाव्याची संधी मिळेल तेव्हा बसता यावे म्हणून योग्य व्यवस्था असावी, अशी तरतूद कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम ४४ मध्ये होती, आणि युनियनच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी ती मला दाखवली. भांडणाचा सूर न लावता मी चिठ्ठी आणि अर्ज साहेबांकडे दिला. उंच स्टूल आठवड्याभरात मिळाले. टेबलासमोर जाड रबरी चटई मात्र पुढच्या वर्षी आली. अर्जाची पोच घेऊन ठेवावी, तोंडी विनंती सुपरवायझर बदलला की विरून जाते.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगतो. सुकतळा बुटात असतो आणि बूट आपण दाराशी काढतो. म्हणजे सकाळचे पहिले पाऊल, आंघोळ, देवपूजा, सुट्टीचा सबंध दिवस आपण कठीण फरशीवर अनवाणी काढतो, आणि बुटातल्या सुकतळ्याने दिवसभरात जे कमावले ते संध्याकाळी घालवतो. परदेशी पुस्तिकांत ‘अनवाणी चालू नका’ असे एक ओळीत लिहिलेले असते. आपल्या घरात ते पाळणे सोपे नाही. मी घरासाठी एमसीआरची, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची, चप्पल ६५० रुपयांना आणली तेव्हा आई दुखावली. “अरे, देव आहेत घरात. चपला घालून वावरायचं?” असे तिने विचारले. मी तिला समजावले की हेच रबर कुष्ठरोगाने आणि मधुमेहाने बधिर झालेल्या पायांच्या चपलांसाठी आपल्या देशात वर्षानुवर्षे वापरले जाते, ही चप्पल उंबऱ्याबाहेर कधी जाणार नाही आणि देवघरासमोर मी ती काढीन. दोन दिवसांनी तीच म्हणाली, “तुझे आजोबा घरात खडावा घालायचेच की. घाल तू.” चप्पल रात्री पलंगाखाली नेमकी पाय टेकतील तेथे ठेवायची, ही शिस्त तिनेच लावली. डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या थंडीत पहाटेची फरशी बर्फासारखी होते, तेव्हा या चपलेचे मोल अधिकच कळले.

व्यायामाचे दोन टप्पे होते. पहिला ताणण्याचा: उठण्यापूर्वी पलंगावरच दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्यायचा, हाताने बोटे नडगीकडे ओढायची, दुसऱ्या हाताने तळव्यातला पट्टा तारेसारखा ताणलेला लागतो की नाही ते पाहायचे, दहा मोजेपर्यंत धरायचे, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. शिवाय भिंतीला हात टेकून पोटरी ताणायची, आणि संध्याकाळी गोठवलेल्या पाण्याची बाटली तळव्याखाली फिरवायची. पहिल्या पावलाआधी केलेल्या ताणण्यामुळे सकाळची कळ दोन-तीन आठवड्यांत सौम्य झाली. जास्त उभे राहायचे असेल त्या दिवशी तळव्याला चिकटपट्टी कशी बांधायची, हेही मॅडमनी शिकवले. १४० रुपयांची पांढरी पट्टी बरेच दिवस पुरते, पण कातडीला खाज आली तर लगेच काढावी.

दिवाळीनंतर सुधारणा थांबली. नोव्हेंबरचा महिना मनाला सर्वांत जड गेला. संध्याकाळी मुलगी गोल्फ क्लब मैदानावर फिरायला चला म्हणे आणि मी कारणे सांगत असे. एका खासगी दवाखान्यात स्टेरॉइडचे इंजेक्शन सुचवले गेले. फिजिओथेरपी मॅडमशी चर्चा केल्यावर कळले की २०१२ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या चाचणीत अशा इंजेक्शनने वेदना कमी झाल्या, पण तो फायदा चार आठवड्यांपुरताच दिसला. पट्टा फाटण्याची आणि टाचेखालची चरबीची गादी झिजण्याची थोडी जोखीमही असते. ज्याला पाऊलही टाकवत नाही त्याच्यासाठी तेवढा काळही मोलाचा असू शकतो. मला व्यायाम करता येत होता, म्हणून मी ते घेतले नाही.

त्याच सुमारास सहकाऱ्याच्या सांगण्यावरून पंचवटीतील एका आयुर्वेद रुग्णालयात अग्निकर्मही करून घेतले. पाऊल वेडेवाकडे पडल्याने टाच-घोट्याच्या ठिकाणी होणाऱ्या दुखण्याचे वर्णन सुश्रुतसंहितेत ‘वातकंटक’ या नावाने आहे, असे तेथील वैद्यांनी सांगितले. तापवलेल्या धातूच्या शलाकेने दुखऱ्या जागी टिंब टिंब चटके देतात आणि वर कोरफडीचा गर लावतात. चटका क्षणाचा असतो. काही दिवस ठणका कमी राहिला, पण बाकीचे उपाय सोबत चालू असल्याने श्रेय नेमके कोणाला द्यावे हे सांगता येत नाही. मधुमेहींनी हा उपाय वैद्यांना साखरेची पूर्ण कल्पना दिल्याशिवाय करू नये.

जानेवारी २०२५ पासून मॅडमनी दुसरा टप्पा, म्हणजे भार घेऊन टाचा उचलणे, सुरू केले, आणि माझ्या मते खरा पालट त्यानेच झाला. जिन्याच्या पायरीच्या कडेवर चवडा ठेवायचा, बोटांखाली गुंडाळलेला टॉवेल घालून ती वर उचललेली ठेवायची, आणि एका पायावर तीन मोजत टाच वर न्यायची, दोन मोजेपर्यंत धरायची, तीन मोजत खाली आणायची. टॉवेल कशासाठी, तर हिक्स या संशोधकांनी १९५४ साली दाखवून दिल्याप्रमाणे अंगठा वर वळला की पट्टा त्याच्या सांध्याभोवती रहाटावरच्या दोरासारखा गुंडाळला जातो आणि कमान ताणली जाते. म्हणजे भार पोटरीबरोबर नेमका त्या पट्ट्यावरही येतो. सुरुवातीला बारा वेळांचे तीन फेरे, तेही दिवसाआड. पुढे पाठीवरच्या पिशवीत पुस्तके भरून वजन वाढवायचे आणि वेळा कमी करायच्या. डेन्मार्कमध्ये झालेल्या चाचणीत सुकतळ्यांसोबत हा व्यायाम करणारे रुग्ण, सुकतळ्यांसोबत फक्त ताणणाऱ्यांपेक्षा तीन महिन्यांनी अधिक बरे होते. वर्षानंतर दोन्ही गटांत फरक उरला नव्हता. करताना थोडे दुखते आणि भीती वाटते. दुसऱ्या दिवशी सकाळी कळ नेहमीपेक्षा वाढलेली नसेल तर ते दुखणे चालवून घ्यावे, असा नियम मॅडमनी दिला होता आणि त्याने भीती गेली.

मार्चमध्ये एका सकाळी मी उठून थेट स्नानगृहापर्यंत गेलो आणि टाचेची आठवण दात घासताना झाली. सुधारणा सरळ रेषेत झाली नाही; लग्नसराईत मांडवात उभे राहिल्यावर दोन-तीन दिवस पुन्हा ठणका असे. जूनपर्यंत पूर्ण शिफ्ट उभ्याने करूनही रात्री पाय शेकावा लागत नव्हता. औषधे आणि एक्स-रे विम्यातून झाल्याने खिशातला खर्च सुकतळे, सिलिकॉनची गादी, चप्पल, पट्टी, अग्निकर्म आणि येण्याजाण्याचे पेट्रोल मिळून साडेतीन हजारांच्या आत राहिला. खासगी फिजिओथेरपीला आमच्या भागात एका वेळेस ३०० ते ५०० रुपये पडतात, हे धरून हिशेब करावा.

पहिल्या सुकतळ्याची टाचेची वाटी वर्षभरात एका बाजूला दबली, म्हणून सप्टेंबर २०२५ मध्ये नवा जोड घेतला. बूट बदलला नव्हता, त्यामुळे मोचीदादांनी जुनाच सुकतळा माप म्हणून वापरला. टाचा उचलण्याचा व्यायाम आठवड्यातून दोनदा चालू आहे. पावसाळ्यात डाव्या टाचेत तशीच सकाळची कळ जाणवू लागली होती. त्याच आठवड्यात ताणणे आणि पट्टी सुरू केली, डाव्या पायावरही भाराचा व्यायाम घेतला, आणि दसऱ्यापर्यंत ती बरीच ओसरली. मॅडमनी डिसेंबरमध्ये पुन्हा दाखवायला बोलावले आहे.